जवारी : एका धाग्याचा इतिहास

वाशीम जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे सात दिवस व सात रात्री वीणा खालीं ठेवावयाची नाहीं असा दंडक असतो. एका पहाऱ्याचा वीणेकरी पहारा संपला कीं दुसऱ्याच्या गळ्यांत वीणा घालतो, त्याच्या पायां पडतो आणि बाजूस होतो. तारांचा नाद मात्र चालूच राहतो. चांगल्या लागलेल्या वीणेच्या किंवा तिच्याच कुळांतील तंबोऱ्याच्या घोडीकडे जवळून पाहिलें, तर तारेखालीं सुताचा एक बारीकसा तुकडा सरकवलेला दिसतो. तो धागा काढून घेतला तर तार तुटत नाहीं कीं वाजेनाशी होत नाहीं; पण मघांचा भरलेला नाद नाहींसा होतो व वाद्य मुकें झाल्यासारखें वाटतें.

हा धागा तेथें कशासाठीं घालतात आणि त्यानें नेमकें काय होतें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं गेल्यास देवगिरीच्या यादवांच्या दरबारापासून मिरजेच्या शिकलगारांच्या दुकानापर्यंत, तेथून कलकत्त्याच्या प्रयोगशाळेपर्यंत, आणि शेवटीं परदेशांतील विजेच्या गिटारीपर्यंत जावें लागतें. वाद्याचा नाद आपल्या कानास रुचेल असा घरच्या घरीं बदलून घेण्याची हौस फार जुनी आहे, व तिच्या इतिहासांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

प्रथम घोडीची रचना पाहिली पाहिजे. व्हायोलिनची घोडी पातळ फळीची असते. तार तिच्या वरच्या कडेवर टेंकते आणि तेथेंच तारेचें कंपन संपतें. तंबोऱ्याची घोडी तशी नसते. ती लहानशा चौरंगासारखी बसकी व रुंद असते. तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. तारेच्या दिशेनें तो किंचित् उतरता व किंचित् फुगीर असा घांसलेला असतो. हा उतार इतका थोडा असतो कीं डोळ्यांस तो क्वचितच कळतो. तार छेडली कीं ती प्रत्येक हेलकाव्याबरोबर या उतारावर अल्पसें अंग टेंकते व पुन्हां उचलते. त्या प्रत्येक स्पर्शानें तारेंत एक बारीक, तीक्ष्ण लहर उठते, आणि अशा लहरींमुळें मूळ नादावर वरच्या सुरांची झालर चढते. हा जो किंचित् खरखरणारा, भुंग्याच्या गुंजारवासारखा, परंतु सुरेल नाद, त्यासच गवई ‘जवारी’ म्हणतात. आणि घोडीचा तो घांसलेला माथा, त्यासही तेंच नांव आहे. धागा पुढेंमागें सरकवून तारेचा हा स्पर्श हवा तेवढा व हवा तेथें घडवून आणतां येतो. घोडी घांसणें हें कारागिराचें काम आणि धागा सरकवणें हें वादकाचें.

वरचे सूर म्हणजे काय, हेंही येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. खर्जाची तार सेकंदास ७० वेळां कंप पावत असेल, तर तिच्यांतून केवळ ७० कंपनांचाच सूर निघतो असें नाहीं. १४०, २१०, २८०, ३५० अशा पटींचे सूरही त्याच वेळीं सूक्ष्म रूपानें निघत असतात. दुप्पट कंपनांचा सूर म्हणजे वरचा षड्ज, तिपटीचा पंचम, चौपटीचा त्याहून वरचा षड्ज, आणि पांचपटीचा गांधार. तंबोऱ्याच्या चार तारांत सामान्यतः पंचम, जोडीचे दोन षड्ज व खर्ज एवढेच सूर मिळवलेले असतात. गांधाराची तार कोठेंच नसते. तरी जवारी उत्तम लागली म्हणजे खर्जाच्या तारेंतून गांधार स्पष्ट ऐकूं येतो. त्यास स्वयंभू गांधार म्हणतात, व गाणारा आपला गांधार त्याच्याशीं ताडून पाहतो. जवारी नसेल तर हा गांधार इतका क्षीण राहतो कीं कानास त्याचा आधार मिळत नाहीं. तेव्हां जवारी ही नुसती नादाची नटवेगिरी नव्हे. गवयाच्या सुराची ती कसोटी आहे.

आपल्या वाद्यांना ही युक्ति मुळापासून अवगत होती असें मात्र नाहीं. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत गुप्त सम्राट् समुद्रगुप्त यानें पाडलेल्या कांहीं सुवर्णनाण्यांवर तो स्वतः वीणा वाजवीत बसलेला दिसतो. ती वीणा धनुष्याकृति आहे. त्याच शतकांत वत्सगुल्म येथें, म्हणजे आजच्या वाशिमास, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. सर्वसेनानें ती शाखा स्थापिली, आणि त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट वाशिमासच सांपडला आहे. त्या काळच्या धनुष्याकृति वीणेंत प्रत्येक सुरास स्वतंत्र तार असे, आणि ती रुंद घोडीवरून जात नसे. तारेला अंग टेंकावयास जागाच नव्हती. मग जवारी कोठून येणार? पुढें हळूहळू ही वीणा मागें पडली आणि दांडी, भोपळा व घोडी असलेल्या वीणा प्रचारांत आल्या. जवारीचा मार्ग तेव्हां मोकळा झाला.

या युक्तीचें सविस्तर वर्णन महाराष्ट्राच्या भूमींत लिहिलें गेलें. देवगिरीच्या यादवांपैकीं सिंघण राजाच्या कारकीर्दींत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. शार्ङ्गदेवाचें घराणें मूळचें काश्मीरचें. त्याचा आजा भास्कर दक्षिणेंत आला, पिता सोढल यादवांच्या पदरीं राहिला, आणि तो स्वतः दरबारांत हिशेबाच्या खात्यावर अधिकारी होता. हिशेबनिसाची बारकाई त्याच्या वाद्याध्यायांत उतरली आहे. एकतंत्री वीणेचें वर्णन करतांना तो दांडीची लांबी, भोपळ्याची जागा, घोडीवर बसवावयाची धातूची पट्टी, सगळें मापून सांगतो. या पट्टीस तो ‘पत्रिका’ म्हणतो. पत्रिका आणि तार यांच्यामध्यें वेळूची एक बारीक काडी सरकवावी म्हणजे नाद खुलतो, असेंही तो सांगतो. आणि त्या काडीस त्यानें नांव दिलें आहे ‘जीवा’. निर्जीव तारेंत जीव आणणारी म्हणून जीवा, असा अर्थ सहज मनांत येतो. कर्नाटक संगीतांत तंबुऱ्याच्या धाग्यास अजूनही याच शब्दावरून आलेलें नांव आहे. वेळूची काडी जाऊन तेथें सूत आलें, परंतु कल्पना तीच राहिली. सुमारें आठशें वर्षांपूर्वीं देवगिरीस जें नोंदलें गेलें, तेंच आजचा तंबोरेवाला बोटाच्या टोंकानें करतो.

अशी खरखर मुद्दाम निर्माण करण्याची आवड एकट्या हिंदुस्थानाचीच आहे असें नव्हे. जपानमधील शामिसेन नांवाच्या तंतुवाद्यांत खालची तार दांडीला किंचित् घांसून जावी अशी योजना असते, आणि त्या नादास तेथें ‘सावारी’ म्हणतात. जवारी आणि सावारी हे शब्द कानास सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. पण जपानी शब्द ‘स्पर्श’ या अर्थाच्या तद्देशीय धातूपासून आलेला आहे. युरोपांत पंधराव्या-सोळाव्या शतकांतील हार्प वाद्यांत तारेस हलकेच टेंकणाऱ्या वांकड्या खुंट्या बसवीत. आफ्रिकेंतील एंबिरा या वाद्यास शिंपले किंवा बाटल्यांचीं झांकणें अडकवून नादांत खुळखुळ आणतात. स्वच्छ नाद हाच सुंदर नाद, हें मत सर्वत्र व सर्वकाळीं मान्य झालेलें नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल.

तंबोरा हें वाद्य आपल्याकडे सतराव्या शतकांतील चित्रांतून ठळकपणें दिसूं लागतें. तो वाजवीत नाहींत. तो गाण्याच्या मागें धरतात. त्यावर राग निघत नाहीं, तान निघत नाहीं. म्हणूनच त्याची सगळी किंमत नादाच्या गुणावर, म्हणजे जवारीवर, अवलंबून राहिली. आणि ही जवारी काढण्याच्या कलेचें मोठें पीठ कृष्णाकांठच्या प्रदेशांत, मिरजेस, उभें राहिलें.

मिरजेच्या या धंद्याची कथा मोठी बोधप्रद आहे. शिकलगार हे तरवारी, भाले व कट्यारी घडविणारे, त्यांना पाणी देणारे व धार लावणारे लोक. पेशवाई १८१८ सालीं बुडाली. संस्थानांच्या फौजा आटल्या. हत्यारांची मागणी उतरत गेली. ज्यांचें पोट धारेवर होतें त्यांना दुसरा उद्योग शोधणें भाग पडलें. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे भोक्ते. त्यांच्या दरबारीं गवई येत, आणि गवयांबरोबर वाद्यें येत. वाद्य मोडलें तर दुरुस्तीस दूर उत्तरेंत पाठवावें लागे. अशा वेळीं, मिरजेच्या परंपरेप्रमाणें १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंतुवाद्यें दुरुस्त करण्यास व पुढें स्वतः बनविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या घराण्यांतून व शिष्यशाखेंतून सतारमेकर हें आडनांव धारण करणारीं कुटुंबें वाढलीं, आणि गांवांत वाद्यें करणाऱ्यांची वसाहतच झाली.

तरवारीवरून तंबोऱ्यावर येणें हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु विचार केला तर या दोन कामांत एक नातें आहे. पात्याची धार काढतांना डोळा पुरत नाहीं; कानसेचा दाब, हाताचा झोल आणि धातूचा बारीक आवाज यांवरून कारागीर ओळखतो कीं आतां थांबलें पाहिजे. घोडी घांसतांनाही हेंच. एक फटका अधिक गेला तर जवारी उडून जाते. जो हात पात्याची धार राखीत होता, त्यासच घोडीची धार मोडण्याचें काम मिळालें. कारण घोडीच्या माथ्यावर धार राहिली तर तार तेथेंच अडते व नाद कोरडा होतो.

परिसराचीही या धंद्यास अनुकूलता होती. तंबोऱ्यास लागणारा मोठा, जाड सालीचा कडू भोपळा भीमेच्या कांठीं, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, चांगला होतो. तो वेलावर पिकवून, वाळवून मग कारागिराकडे येतो. भिजवून व कापून तो आंतून साफ करतात, त्यावर लांकडाची पातळ तबली बसवतात, तूण जातीच्या लांकडाची दांडी जोडतात, नक्षी करतात, लाखेचें पॉलिश देतात, खुंट्या बसवतात. हें सगळें होऊन वाद्य डोळ्यांस पूर्ण दिसलें तरी तें अजून तंबोरा झालेलें नसतें. शेवटचें काम जवारीचें, आणि तें अनुभवी माणसाच्या हातीं असतें. तो तारा चढवतो, छेडतो, ऐकतो. तारा ढिल्या करून बाजूस सारतो, घोडीवर कानस किंवा बारीक पॉलिशकागद दोनचार वेळां फिरवतो. पुन्हां तारा ओढतो, पुन्हां ऐकतो. प्रत्येक तारेची वाट निराळी घांसावी लागते, कारण पोलादी तारेचें व पितळी खर्जाचें वजन निराळें. पुरुषांच्या आवाजाचा तंबोरा मोठा, स्त्रियांच्या आवाजाचा लहान. म्हणून जवारीही त्या त्या बेतानें काढावी लागते. या कामास मोजपट्टी नाहीं.

सतारीच्या बाबतींत तर हा प्रश्न आवडीनिवडीचा झाला. घोडीचा उतार असा ठेवला कीं तार दीर्घकाळ झणझणत राहील, तर ती खुली जवारी. स्पर्श थोडा ठेवून नाद गोल व गळ्यासारखा केला तर ती बंद जवारी. पं. रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली, तर उस्ताद विलायत खां यांच्या सतारीची बंद. एकाच जातीचें वाद्य, परंतु घोडीच्या माथ्यावरील सूक्ष्म फरकानें दोघांचा नाद डोळे मिटूनही ओळखतां येई.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेवरून लोहमार्ग गेला व माल दूरदूर जाऊं लागला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं मिरजेस राहून शिष्य तयार केले. त्यांपैकीं विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. गाणें संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतून मध्यम वर्गाच्या घरांत आलें, गांवोगांव वर्ग निघाले, आणि प्रत्येक वर्गास तंबोरा हवा झाला. याच मिरजेंत किराणा घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीम खां येऊन स्थायिक झाले. १९३७ सालीं ते वारले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यांत त्यांची कबर आहे व तेथें त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं संगीतसभा होते. सुराचा एवढा ध्यास असलेल्या या गवयाचें तंबोऱ्याकडे बारीक लक्ष असे, व वाद्यदुरुस्तीची हातोटीही त्यांना होती. गवई आणि कारागीर एकाच गांवांत राहत असल्यामुळें तक्रार त्याच दिवशीं दुकानीं पोहोंचे, व उपायही तेथल्या तेथें होई. मिरजेच्या जवारीच्या लौकिकाचें हें एक मोठें कारण मानलें पाहिजे.

कारागीर जें हातानें करीत होते, त्याचें शास्त्र विसाव्या शतकांत उलगडलें. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या नियतकालिकांत हिंदी तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्य पदार्थविज्ञानांत टॉमस यंग याचा एक नियम प्रसिद्ध होता. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या वरच्या सुरांचें स्थिर स्थान असेल ते सूर तारेंतून निघत नाहींत, असा तो नियम. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट असे सम पटींचे सूर निघूं नयेत. रामन् यांना आढळलें कीं तंबोरा आणि वीणा हा नियम पाळीत नाहींत. तेथें जे सूर नसावेत असें शास्त्र म्हणतें, तेही जोरानें ऐकूं येतात. याचें कारण त्यांनीं घोडीच्या रुंद, वक्र माथ्यांत व तारेच्या त्यावरील घसटत्या स्पर्शांत दाखविलें. रामन् यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें १९३० सालीं, प्रकाशावरील संशोधनासाठीं. पण त्यापूर्वीं नऊ वर्षें त्यांनीं हें दाखवून दिलें होतें कीं पाश्चात्य नियमाचा अपवाद येथल्या घोडीवर शतकानुशतकें नांदत आला आहे.

आतां या कथेचा दुसरा प्रवाह. विजेची गिटार विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत प्रचारांत आली. तिच्या तारांचें कंपन चुंबक व तारेचें वेटोळें यांच्या साह्यानें विजेच्या प्रवाहांत उतरतें व ध्वनिवर्धकांतून मोठें होऊन ऐकूं येतें. ध्वनिवर्धक करणाऱ्या अभियंत्यांचा हेतु होता कीं नाद जसाच्या तसा मोठा व्हावा. त्यांत खरखर येणें हा दोष. परंतु वादकांना तो दोषच आवडला. ध्वनिवर्धकावर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला म्हणजे नादाच्या लहरीचीं शिखरें कापलीं जातात, आणि कापलेल्या शिखरांच्या कडांतून वरचे सूर जन्मास येतात. १९५८ सालीं लिंक रे या अमेरिकन वादकानें ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याच्या कागदास पेन्सिलीनें भोंकें पाडलीं. १९६१ सालीं मार्टी रॉबिन्स याच्या ‘डोंट वरी’ या ध्वनिमुद्रिकेंत, नॅशव्हिलच्या स्टुडिओंतील एका बिघडलेल्या यंत्रामुळें, ग्रेडी मार्टिनची गिटार घोगरी उमटली. अभियंता ग्लेन स्नॉडी यानें तो बिघाड जाणूनबुजून घडवून आणणारें यंत्र तयार केलें, आणि त्यावरूनच १९६२ सालीं पायानें दाबावयाची ‘माएस्ट्रो फझ-टोन’ ही डबी बाजारांत आली. १९६४ सालीं लंडनच्या किंक्स या वाद्यवृंदांतील डेव्ह डेव्हिस यानें तर कर्ण्याचा कागद वस्तऱ्याच्या पात्यानें चिरला. मिरजेच्या शिकलगारानें हत्याराची कला वाद्यास लावली. लंडनच्या पोरानें पातेंच वाद्यास लावलें. दोघांचा शोध एकाच गोष्टीचा होता : नादावर वरच्या सुरांची झालर चढावी.

पायानें दाबावयाच्या अशा डब्यांना वादक पेडल म्हणतात, आणि नादास हलकासा, ऊबदार घोगरेपणा देणाऱ्या पेडलास ओव्हरड्राइव्ह. त्यांत सर्वांत प्रसिद्ध झालें तें १९७९ सालीं आयबानेझ या नांवानें विकलें गेलेलें जपानी बनावटीचें ‘ट्यूब स्क्रीमर’ पेडल. सुसुमु तामुरा या अभियंत्यानें त्याची रचना केली. त्याची अंतर्रचना साधी आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारें एक वर्धक, आणि त्याच्याजवळ परस्परांच्या उलट दिशेनें जोडलेले दोन डायोड. लहर ठराविक मर्यादेबाहेर उसळली कीं डायोड तिला दाबून धरतात व तिचें शिखर गोलसर होतें. डायोड हेंच या वाद्याचें सूत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणि येथेंही सूत सरकवणारे निघालेच. तयार डबी आहे तशी न वापरतां, घरीं बसून तिचे चार स्क्रू काढावयाचे, सोल्डरिंग आयर्न तापवून एखादा भाग उचलावयाचा व दुसरा डाख देऊन बसवावयाचा, हा जगांतील असंख्य गिटारवादकांचा छंद झाला आहे. त्यांचे प्रयोग बहुधा दोन जागीं चालतात. पहिली जागा डायोडांची. सिलिकॉनचा डायोड सुमारें ०.६ व्होल्टवर लहर अडवतो, जर्मेनियमचा त्याच्या साधारण निम्म्यावर. म्हणून जर्मेनियम घातला तर लहर लवकर व मृदुपणें कापली जाते, पण आवाजही लहान होतो. दोन्ही बाजूंस सारखे डायोड असतील तर तिपटीचे, पांचपटीचे असे विषम सूर अधिक उठतात. एका बाजूस एक डायोड जास्त घातला तर सम पटींचेही सूर मिसळतात व नाद भरल्यासारखा होतो. दुसरी जागा कपॅसिटरची. ट्यूब स्क्रीमरमध्यें ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर व ४.७ किलोओहमचा रेझिस्टर मिळून ७२० कंपनांच्या खालच्या सुरांस वर्धकांत कमी वाव देतात, त्यामुळें नाद थोडा नाकांतला वाटतो. तेथें ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर ही मर्यादा ३४० च्या आसपास उतरते व खर्ज जाड होतो. मात्र मर्यादा फार उतरविली तर सगळाच नाद गढूळ होतो. म्हणून जाणते लोक एका वेळीं एकच भाग बदलतात, मूळ भाग जपून ठेवतात, आणि ऐकल्याशिवाय दुसऱ्यास हात लावीत नाहींत. मिरजेचा कारागीर दोन फटके मारून तार पुन्हां ओढतो, तोच हा नियम.

या दोन नादांतील साम्य आणखी एका ठिकाणीं दिसतें. पेडलचा घोगरेपणा चढविला म्हणजे एकाच वेळीं वाजणारे सूर परस्परांत मिसळून त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे सूर उठवतात. पुष्कळ सूर एकत्र छेडले तर गोंगाट होतो. म्हणून असे वादक बहुतकरून दोनच सूर धरतात, आणि ते असतात षड्ज आणि पंचम. त्यांच्या कंपनांचें प्रमाण २ ला ३. वजाबाकी १, म्हणजे खालचा षड्ज. न छेडलेला खर्ज आपोआप घुमूं लागतो. खरखरीच्या वाटेनें गेलेले हे परदेशी वादक अखेर तंबोऱ्याच्या जोडीपाशींच येऊन थांबले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भेदही सांगितला पाहिजे. पेडल लहर कापून वरचे सूर निर्माण करतें. जवारी तारेच्या देहांतच ते उठवते, आणि ते एकदम न येतां क्रमाक्रमानें उमलतात व विरतात. त्यामुळें तंबोऱ्याचा नाद स्थिर असूनही कधीं साचलेला वाटत नाहीं.

ज्या सुमारास जपानांत डायोडांनीं नादास झालर चढविली जात होती, त्याच सुमारास, १९७९ च्या आसपास, बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राजनारायण यांनीं विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. प्रवासांत नेण्यास सोपा, हवेनें न उतरणारा, साथीदाराची अपेक्षा न ठेवणारा असा हा तंबोरा गायकांच्या घरोघरीं गेला. पुढें तर तो खिशांतील दूरध्वनींतही आला. विद्यार्थ्यांची यामुळें मोठी सोय झाली, हें नाकबूल करतां येणार नाहीं. भोपळा फुटतो, दांडी वांकते, घोडीवर तारांच्या घळी पडून जवारी बसते व कारागिराकडे पुन्हां जावें लागतें. विजेच्या तंबोऱ्यास यांतलें कांहींच नाहीं. परंतु त्याबरोबर एक शिक्षणही गेलें. तंबोरा मिळवितांना, धागा केसभर सरकवून गांधार कधीं उघडतो याची वाट पाहतांना, विद्यार्थ्याचा कान घडत असे. कळ दाबून मिळणाऱ्या नादांत ती वाट पाहणें उरलें नाहीं.

मिरजेच्या कारागिरांवर या बदलाचा भार पडला आहे. हस्तिदंत व सांबरशिंग यांचा व्यापार वन्यजीवांच्या रक्षणासाठीं कायद्यानें बंद झाला, हें योग्यच झालें. त्यांच्या जागीं हाडाच्या, लांकडाच्या व कृत्रिम पदार्थांच्या घोड्या आल्या, आणि प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर कारागिरास हात नव्यानें बसवावा लागला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. मिरजेचें नांव दुसऱ्या कोणीं लावूं नये एवढें रक्षण त्यानें होतें, आणि तेंही थोडें नव्हे. परंतु भोपळा कोठें पिकला व दांडी कोठें घडली हें प्रमाणपत्रावर लिहितां येतें. जवारी कोठें थांबवावी हें लिहितां येत नाहीं. तें ज्ञान एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें. घेणारा हात पुढें आला नाहीं तर तें तेथेंच संपतें.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. जेथें जेथें गाणें शिकवतात, तेथें एक तरी भोपळ्याचा तंबोरा असावा, आणि विद्यार्थ्यास पहिल्या सरगमेपूर्वीं त्याचा धागा सरकवण्यास लावावें. वर्षांतून एकदां कारागिरास बोलवावें व घोडी मुलांदेखत घांसून घ्यावी. परदेशांतला मुलगा जर घरीं बसून डबी उघडतो, एक भाग बदलतो आणि कान देऊन ऐकतो, तर शार्ङ्गदेवाच्या भूमींतील मुलास सुताचा एक धागा जड वाटूं नये. तो धागा बाजारांत दमडीस मिळतो. तो कोठें ठेवावा हें मात्र अजून मिरजेस जाऊनच विचारावें लागतें, आणि सांगणारे अजून तेथें बसलेले आहेत.